लेव्हल

कनकय्याच्या पोटात, उजवीकडे खाली,
माझी किडनी आहे. चौदा महिने झाले.
चांगली चालते.
क्रिएटिनिन एक पूर्णांक एक.
डॉक्टर म्हणतात, अक्का, तुमचा माल पहिल्या नंबरचा.
मी सुपातली पानं कातरत हसते.

हात मात्र सुरुवातीपासूनच थरथरायचे त्याचे.
नऊच्या गोळीनं होतं म्हणाले.
सकाळी नऊ, रात्री नऊ.
ती गोळी अंगाला समजावते : पाहुणी आहे, हाकलू नका.
अंगाला गप्प करता करता
बोटांच्याही कानाला लागते काहीतरी.
चहाची बशी वाजायची.
सही हलली तेव्हा बँकेतल्या बाईनं विचारलं, पिता का?
तो म्हणाला, नाही बाई, बहिणीची किडनी आहे.

आणि बोटं कुणाची, तर सांधणीवाल्याची.
नवा बीम चढला की जुन्या ताण्याच्या
एकेका धाग्याला नवा धागा
राखेच्या चिमटीत पिळून जोडायचा.
दोन हजार चारशे धागे,
न बघता, शेजारच्याशी पिक्चरच्या गप्पा मारत.
आता एकच धागा हातात घेतो
आणि हवेत काहीबाही लिहीत बसतो.

मे महिन्यात काखेत नायटा उठला.
चौकातल्या मेडिकलवाल्यानं गोळ्या दिल्या, खाजेवर.
त्यानं विचारलं नाही, यानं सांगितलं नाही,
आम्हाला तर माहीतच नव्हतं
की ही गोळी त्या गोळीला
अंगातून बाहेर जाऊ देत नाही.

पाचव्या दिवशी डोकं दुखायला लागलं, मागून.
अनसूयेला म्हणाला, लाईट लाव.
दुपारचे दोन वाजले होते.
विडी घरकुलात पत्र्याखाली एवढं ऊन
की दारातल्या बादलीकडे बघवत नव्हतं.
लाईट लाव ना गं.
मग जबडा. मग डावा हात.
मग सगळाच कनकय्या.
लाईट गेली की मधेच थांबलेला माग मी जन्मभर पाहिला.
हे उलटं होतं :
माणूस गेला होता कुठेतरी, आणि माग चालूच.

दवाखान्यात तीन दिवस त्याला मराठी आठवलं नाही.
ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू, ऐदू,
पाचापर्यंत जायचा, परत एकापासून.
जेऊरची नर्स म्हणाली, मावशी, काय म्हणतात हे?
धागे मोजतोय, म्हटलं.
माझ्याकडे तोंड करून त्यानं विचारलं,
नूव्वु एवरु? तू कोण?
डोळे उघडे, पण माझ्या बाजूच्या भिंतीवर.
मी काय सांगणार?
डावी बाजू, म्हटलं. माझी डावी बाजू काढून दिली ती.

फोटोत डोक्याच्या मागच्या भागात पांढरं दिसत होतं,
माणूस जिथून बघतो म्हणे, तिथंच.
मला ते खळ नीट न बसलेल्या सुतासारखं वाटलं.
सूज आहे, उतरेल, डॉक्टर म्हणाले.
लेव्हल पुण्याहून आली : सत्तावीस.
आठच्या आत पाहिजे.
किडनी? किडनी उत्तम आहे, अक्का.
पहिल्यांदाच तिचा राग आला मला,
परक्या घरी नांदायला गेलेल्या पोरीसारखी
ती मजेत, आणि घर पेटलेलं.

गोळी बदलली.
चौथ्या दिवशी त्याला आधी सलाईनची बाटली दिसली,
मग पंखा,
मग मी.
म्हणाला, अक्का, तुझ्या केसात तंबाखू आहे.

आता सांधणीला जात नाही.
माझ्याशेजारी बसतो, विड्यांचे कट्टे बांधतो,
पंचवीस-पंचवीस, ओठ हलवत.
थरथर कमी आहे. एखादा शब्द सापडत नाही,
परवा 'चटई' म्हणायला फार वेळ लागला,
आम्ही कुणी पुढं होऊन सांगितला नाही.
नऊचा गजर वाजला की घरातली तिघं उठतात.

तो झोपल्यावर मी कट्टे परत मोजते.
कारखान्यात तपासणारा एक कमी असली तरी पूर्ण कट्टा टाकतो.
काल एकात सव्वीस निघाल्या.
जास्तीची काढून देव्हाऱ्याखालच्या डब्यात ठेवली.
आमच्यात कुणी ओढत नाही.